एकाच फेरीवर 'प्राणी नाही' लिहू नका

वन्यजीव संशोधनासाठी नागपूर सोयीचं आहे. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतकं जवळ. परवानगी देणारे मुख्य वन्यजीव रक्षकही इथेच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात बसतात. पण जवळ आहे म्हणून अर्ज लांबवू नका. मार्चमध्ये जंगलात उतरायचं असेल तर दिवाळीआधीच प्रस्ताव द्या, नाहीतर फाइल हलेपर्यंत मोहफुलं गळून गेलेली असतात.

नेट, फेलोशिप, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची प्रवेश परीक्षा हे तुम्हाला माहीत असेलच. पोरं अडकतात ती वेगळीकडेच: जागा भरपूर घेतात आणि प्रत्येक जागी एकदाच जातात.

समजा 60 बीटमध्ये, म्हणजे एकेका वनरक्षकाकडे असलेल्या जंगलाच्या तुकड्यांत, अस्वलाच्या खुणा शोधायच्या आहेत. अस्वल असूनही एका फेरीत खूण सापडण्याची शक्यता 30 टक्के धरा. म्हणजे अस्वल असलेल्या दर 10 बीटपैकी 7 ठिकाणी तुम्ही 'नाही' लिहिणार. तीन फेऱ्या केल्या तर तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता 0.7 × 0.7 × 0.7, म्हणजे 0.343. खूण सापडण्याची शक्यता 66 टक्क्यांवर गेली. पाच फेऱ्यांत 83. वेळ कमी असेल तर बीट 60 चे 30 करा, फेऱ्या कमी करू नका.

ऋतूचंही तसंच. एप्रिलमध्ये मोहफुलांनी भरलेली विष्ठा वाटेवर लांबूनच दिसते. जुलैत पाऊस तिला विरघळवतो, उरलेली शेणकिडे नेतात, वर गवत वाढतं. अस्वलं तेवढीच, पण दोन महिन्यांची तुलना केली की संख्या घटल्याचा निष्कर्ष निघतो, आणि तो साफ खोटा असतो. म्हणून सगळ्या फेऱ्या एकाच ऋतूत, थोड्या आठवड्यांत उरका. मोजलेली विष्ठा बाजूला सारा, नाहीतर पुढच्या फेरीत तीच पुन्हा मोजली जाते.

गणिताला घाबरू नका. प्राणी असूनही 'नाही' लिहिण्याच्या या चुकीवरची पद्धत मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडली, ती समजायला बारावीची संभाव्यता पुरते. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं 'अनमार्क्ड' हे पॅकेज फुकट मिळतं. दोन दिवसांच्या प्रमाणपत्री कार्यशाळांवर पैसे घालवण्यापेक्षा पाच रविवार नागपुरातल्या अंबाझरी तलावावर जा. 10 ठरलेल्या जागा, प्रत्येकी 10 मिनिटं, पक्ष्यांची एकच जात. तेवढ्या आकड्यांवर पहिलं मॉडेल चालवून बघता येतं.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची यादी नंतर बघा. आधी त्यांच्या मागच्या विद्यार्थ्याचा क्षेत्रतक्ता मागा. त्यात चाललेले किलोमीटर, सुरुवातीची वेळ आणि निरीक्षकाचं नाव आहे का? आणि मुख्य म्हणजे, 'गेलो पण सापडलं नाही' तिथे 0 आणि 'गेलोच नाही' तिथे रिकामा रकाना, हा फरक पाळलाय का? दोन्हीकडे 0 असेल तर दुसरा मार्गदर्शक शोधा.