वेब अॅप्लिकेशनच्या बिल्डमध्ये युनिट टेस्ट कशा जोडाव्यात

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगसाठी कापूस खरेदीच्या पावत्या काढणारे वेब अॅप्लिकेशन मी सांभाळतो. कोड रेपॉझिटरीत (कोड जतन होतो त्या साठ्यात) गेला की बिल्ड, म्हणजे कोडपासून वापरण्याजोगी आवृत्ती तयार करण्याचे काम, आपोआप होतो आणि नवी आवृत्ती काट्यावरच्या संगणकावर दिसू लागते. ऐन हंगामात ही सोय कामाची असली, तरी चुकलेला हिशेबही ती तितक्याच तत्परतेने पोचवते. म्हणून बिल्डच्या वाटेत युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक छोटा भाग आपोआप तपासणाऱ्या चाचण्या, बसवाव्यात.

सर्वांत आधी हिशेब वेगळा काढावा. भाव, ओलावा आणि कपात यांचे गणित बहुधा पावती जतन करणाऱ्या कोडात गुंतलेले असते. ते स्वतंत्र फंक्शनमध्ये आणावे, म्हणजे डेटाबेस आणि नेटवर्क यांच्यावाचून, गावात नेट गेलेले असतानाही, ते लॅपटॉपवर तपासता येते.

मग टेस्ट लिहाव्यात. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांपुढचा कापूस घेतला जात नाही. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे १० टक्के ओलाव्याला उत्तर ७,३७०.५८ यायला हवे. ही टेस्ट सोपी आहे. चुका दडतात त्या सीमेवर, ‘पेक्षा जास्त’ आणि ‘इतका किंवा जास्त’ यांच्या घोळात. म्हणून ८, १२ आणि १२.१ या तिन्हींसाठी वेगळ्या टेस्ट हव्यातच. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवावी, कारण संगणकाच्या दशांश गणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही.

तारखेने मला एकदा चांगलेच फसवले. गाड्या रात्रीपासून रांगेत असल्याने पहाटे पाचला झालेल्या वजनाच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख छापली गेली, कारण सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत होते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. तेव्हापासून पहाटे पाचची ठरावीक वेळ फंक्शनला बाहेरून देणारी टेस्ट मी कायम ठेवली आहे.

आता बिल्डची फाइल, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या क्रमाने लिहिलेली फाइल. नोडवरील (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या) प्रकल्पात आधी ‘एनपीएम सीआय’ ही कमांड चालवावी, म्हणजे प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजेसच्या लॉक फाइलमध्ये नोंदलेल्या नेमक्या आवृत्त्या बसतात. त्यानंतर ‘एनपीएम टेस्ट’, मग बिल्ड आणि शेवटी सर्व्हरवर पाठवणे. टेस्ट फसली की कमांड शून्याखेरीज दुसरा एक्झिट कोड (संपताना कळवलेला आकडा; शून्य म्हणजे यश) परत करते आणि त्यावरूनच पुढची पायरी थांबते. मात्र टेस्टचा आउटपुट पाइपने, म्हणजे दुसऱ्या कमांडकडे सोपवून, लॉग फाइलकडे वळवला असेल, तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) फक्त शेवटच्या कमांडचा कोड पाहते आणि फसलेली टेस्टही पास झाल्यासारखी दिसते. बॅश या शेलमध्ये त्यासाठी ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू करावा लागतो.

बिल्ड हिरवा (यशस्वी) दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवू नये. कपातीचा आकडा मुद्दाम बिघडवून कोड पाठवावा: बिल्ड लाल (अयशस्वी) व्हायला हवा आणि काट्यावरची पावती जुन्याच, बरोबर हिशेबाने निघत राहायला हवी. तसे दिसले की बिघडवलेला आकडा पूर्ववत करावा.