इंग्रजी वाचन-लेखनाचे वर्गातले खेळ: या चुका टाळा

खेळ रंगला, मुलं खूश झाली, तास कधी संपला कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी तेच शब्द फळ्यावर लिहिले, तर अर्धा वर्ग गप्प! लहान मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो. यात मुलांचा दोष नसतो, आणि खेळातून शिकवणंही चुकीचं नसतं. बहुतेक वेळा त्या खेळात न वाचताही जिंकता येत असतं. म्हणून कोणताही खेळ वर्गात घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: ज्या मुलाला एकही शब्द वाचता येत नाही, ते हा खेळ जिंकू शकेल का? उत्तर 'हो' आलं, तर खेळात बदल हवा.

न वाचता जिंकता येणारे खेळ

शब्दांचा बिंगो घ्या. शिक्षक कार्ड उंच धरतात आणि मुलं आपल्या चौकटींत तसाच दिसणारा शब्द शोधतात. हे आकार जुळवणं झालं, वाचन नव्हे. कार्ड दाखवूच नका, शब्द फक्त तोंडाने सांगा किंवा त्याचं चित्र दाखवा. शब्दही विचार करून निवडा. 'कॅट, डॉग, फिश' असे शब्द असले की पहिल्या अक्षरावरून काम भागतं. 'कॅट, कॅप, कॉट, कट' ठेवले की शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावंच लागतं.

जोड्या लावण्याच्या खेळाचंही तसंच. दोन्ही कार्डांवर चित्र असेल, तर खाली छापलेल्या शब्दाकडे कुणी बघत नाही. एका कार्डावर फक्त शब्द, दुसऱ्यावर फक्त चित्र, आणि शब्दाचं कार्ड उलटलं की आधी मोठ्याने वाचायचं, असा नियम करा.

रोज तीच कार्डं वापरली की आणखी एक गोष्ट होते. मूल 'फिश' लगेच ओळखतं, कारण त्या कार्डाचा कोपरा दुमडलेला असतो. शंका आली, तर तोच शब्द वहीच्या कागदावर लिहून दाखवा. तिथे अडलं, तर ते आतापर्यंत कार्ड ओळखत होतं, हे स्पष्ट होईल.

शब्दकोड्यात शब्द शोधणं, एकच शब्द पाच रंगांत गिरवणं हे वेळ भरून काढायला ठीक आहे. मात्र त्याला वाचनाचा सराव समजू नका.

आवाजात शिरणारा जादा 'अ'

ही चूक सर्वांत जास्त नुकसान करते. देवनागरीत वाढलेल्या आपल्या तोंडी प्रत्येक व्यंजनात 'अ' असतोच. त्यामुळे बी या अक्षराचा आवाज आपण 'ब' असा सांगतो, टीचा 'ट'. मग मूल 'ब-ॲ-ट' जोडायला जातं आणि त्यातून 'बॅट' काही केल्या निघत नाही. आवाज सांगताना व्यंजन पाय मोडल्यासारखं, शक्य तितकं तोकडं म्हणा: 'ब्', 'ट्', 'म्'.

काही मुलं सुटे आवाज अचूक सांगतात, पण जोडताना अडखळतात. अशा वेळी खेळासाठी निवडलेले शब्द तपासा. प, ट, क, ब, ड, ग हे आवाज लांबवता येत नाहीत. म, स, फ, न, ल लांबवता येतात. म्हणून सुरुवात 'मॅन', 'सन', 'फॅन' अशा शब्दांनी करा. मध्ये श्वास न तोडता 'म्म्म्ॲॲॲन्न्न्' असं ताणून म्हणायला लावा आणि मग तेच झटकन. मधली थांबण्याची जागा गेली की जोडणं बरंच सोपं होतं.

अक्षरांचे तक्तेही एकदा नीट बघून घ्या. जी साठी जिराफ असेल तर आवाज 'ज'चा येतो, एस साठी 'शिप' असेल तर 'श'चा, आय साठी 'आइस' असेल तर 'आय'चा. सुरुवातीला गोट, सन, इंक बरे. एक्सचा आवाज तर शब्दाच्या शेवटी ऐकवावा, 'बॉक्स', 'फॉक्स'मध्ये. इंग्रजीत 26 अक्षरं आणि सुमारे 44 आवाज आहेत. त्यामुळे एका अक्षराला एकच आवाज, असा समज खेळातून पक्का होऊ देऊ नका.

काम मुलाऐवजी शिक्षक करतात तेव्हा

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ डी. बी. एल्कोनिन यांच्या नावाने ओळखले जाणारे चौकोन हा माझ्या मते या वयासाठीचा सर्वांत कामाचा खेळ. साहित्य म्हणजे एक कागद आणि चार बटणं. शब्द ऐकायचा, हळू म्हणायचा आणि प्रत्येक आवाजाला एक बटण चौकोनात सरकवायचं. 'शिप'ला तीन चौकोन लागतात, अक्षरं मात्र चार. एस आणि एच एकाच चौकोनात बसतात. 'फॉक्स'ला उलट: अक्षरं तीन, आवाज चार.

इथे दोन चुका होतात. एक, शिक्षकच शब्द तोडून सांगतात आणि मूल नुसती बटणं ढकलतं. शब्द अखंड सांगा, तोडायचं काम मुलाचं. दुसरी, महिनोन्‌महिने बटणांवरच थांबणं. आवाज नीट सुटे होऊ लागले की बटणांच्या जागी अक्षरं आणा. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या 2000 सालच्या अहवालातही हेच आढळलं होतं: आवाजांचा सराव अक्षरांसोबत घेतला आणि एका वेळी एक-दोन कौशल्यांवरच भर दिला, की फायदा जास्त होतो.

शब्दसाखळीतही असंच घडतं. 'सॅट, सिट, सिप, टिप, टॅप' अशी साखळी करताना शिक्षक सांगतात, "आता ए काढून आय ठेव." मग मुलाला डोकं लावायला उरतंच काय? फक्त म्हणा, "हे सॅट आहे, आता सिट कर." कोणतं अक्षर बदलायचं हे त्याला शोधू द्या. ते चुकीचं अक्षर उचलेल. तेव्हा झालेला शब्द वाचून दाखवायला सांगा, म्हणजे चूक बहुधा त्यालाच कळते.

बी आणि डीचा घोळ होतो म्हणून दोघांना एकत्र आणणारे खेळ घेतले जातात, आणि घोळ वाढतो. आधी एकच अक्षर पक्कं करा, मध्ये काही आठवडे जाऊ द्या, मग दुसरं आणा. लिहिण्याची सुरुवातही वेगळी ठेवा: बीला आधी उभी रेघ, डीला आधी अर्धगोल. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं उलटी होणं सर्रास दिसतं, त्याने लगेच घाबरून जाऊ नका.

'आउट' करणारे खेळ

चुकला तो बाहेर, या नियमात ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते तेच मूल सर्वांत आधी बाकावर जाऊन बसतं. फळ्यावरच्या शब्दावर पळत जाऊन हात मारायच्या खेळात दोघं पळतात आणि बाकीचे बघत राहतात. तोच खेळ जोड्यांत, बाकावर, आठ कार्डांवर घ्या. प्रत्येकाला भरपूर वेळा वाचावं लागतं आणि गोंधळही कमी होतो.

दर आठवड्याला नवा खेळ आणायचा हट्टही नको. नियम समजावण्यातच तास संपतो. चार-पाच खेळ पक्के ठेवा, शब्द बदलत राहा.

लेखनाचे खेळ का फसतात

चित्र दिलं, 'वाक्य लिहा' म्हटलं आणि मुलं एकमेकांच्या वहीत डोकावू लागली, तर त्यांच्याकडे वाक्यच तयार नसतं. आधी वाक्य तोंडी म्हणवून घ्या, शब्द बोटांवर मोजायला लावा, मग लिहू द्या. दोन शब्दांमध्ये बोट ठेवून जागा सोडायची सवयही इथेच लागते.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक स्पेलिंगवर लाल रेघ. त्यानंतर मूल फक्त खात्रीचेच शब्द लिहितं आणि सगळ्या वह्यांत तीच ती वाक्यं दिसतात. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स रीड यांनी 1971 मध्ये शाळेआधीच्या मुलांच्या स्पेलिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं 'ट्रक'ची सुरुवात सी-एच-आरने करत होती, कारण त्या 'ट्र'मध्ये त्यांना 'च'सारखा आवाज ऐकू येत होता. ही चूक नीट ऐकणाऱ्या मुलाची आहे. जे शिकवून झालंय तेवढंच दुरुस्त करा. 'शिप' शिकवलं असेल आणि 'शॉप'मध्ये एच गाळला, तर दाखवून द्या. 'एलिफंट' जमेल तसा लिहिला असेल, तर शेजारी बरोबर स्पेलिंग लिहून पुढे जा.

आणि एखादं मूल खेळायलाच तयार नसेल, तर त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. त्याला दोन दिवस कार्डं वाटण्याचं काम द्या, देताना प्रत्येक शब्द हळूच वाचायला सांगा. कुठल्या शब्दावर हात थांबतो, ते बघा. पुढचा बिंगो त्याच शब्दांचा घ्या.