एआरटी सुरू झाल्यावर डोकेदुखी पुन्हा उसळली तर काय करावे

एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर घनमिलिमीटरमागे १०० च्या खाली उतरलेल्या रुग्णाला क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे मेंदूज्वर होतो, तेव्हा डॉक्टर आधी बुरशीवर उपचार करतात आणि ४ ते ६ आठवड्यांनीच एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबणाऱ्या गोळ्या, सुरू करतात. ही दिरंगाई नव्हे. एआरटीने विषाणू दबला की मरगळलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि मेंदूभोवती उरलेल्या, कित्येकदा मेलेल्याही, बुरशीच्या अंशांवर तुटून पडते. कवटीत सूज पसरायला जागा नसल्यामुळे बरा होत आलेला रुग्ण अचानक खालावतो. या अवस्थेला आयरिस म्हणतात.

एआरटीनंतरचे पहिले काही महिने डोकेदुखी, ताप, उलट्या, अंधुक किंवा दुहेरी दिसणे, झटके आणि असंबद्ध बोलणे यांवर घरच्यांनी लक्ष ठेवावे. जळगाव-धुळ्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत रुग्ण 'डोकं दुखस' म्हणाला, तर ऊन लागले असे समजून कांद्याचा रस लावत घरी थांबू नये. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे. गोळ्या बाधल्या असे वाटून एआरटी किंवा फ्लुकोनॅझोल (बुरशीवरची गोळी) स्वतःहून बंद करू नये, कारण ही प्रतिक्रिया एआरटी निकामी ठरल्याची खूण नसते. सोबत एआरटीचे पुस्तक, जुने अहवाल आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या न्याव्यात.

रुग्णालयात पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, कण्यात सुई घालून काढून पुन्हा तपासावे लागते. त्याने माणूस लुळा पडतो ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी नातेवाईक संमती नाकारतात, याचे फार वाईट वाटते. या तपासणीत त्या पाण्याचा दाब मोजला जातो. तो पाण्याच्या स्तंभाच्या २५ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर पाणी काढणे हाच उपचार ठरतो. कल्चरमध्ये, म्हणजे ते पाणी प्रयोगशाळेत ठेवून बुरशी वाढते का हे पाहिल्यावर, जिवंत बुरशी वाढली, तर आजार उलटल्याची शंका घ्यावी लागते. वाढली नाही, तर आयरिसची शक्यता बळावते.

हा फरक तपासणीशिवाय कळत नाही, त्यामुळे मेडिकलमधून स्टेरॉइड (सूज दाबणारे औषध) घेऊन देणे धोक्याचे आहे. क्षयाच्या मेंदूज्वरात ते सुरुवातीपासून देतात. क्रिप्टोकॉकसमध्ये मात्र सरसकट दिल्याने नुकसान होते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. गंभीर आयरिसमध्ये ते द्यायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

नंदुरबारहून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी एआरटी केंद्रातून पुरेशा गोळ्या आणि तिकडच्या केंद्रासाठी पत्र घ्यावे.