ग्वादालाहारात टीव्हीची अँटेना लावताना या चुका टाळा

नोकरीसाठी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात आलेल्या मराठी मंडळींचे मला दर वर्षी पाच-सहा फोन येतात. वाक्य एकच: "अँटेना लावली, पण काही दिसत नाही." हालिस्को राज्याच्या या राजधानीत लास एस्त्रेयास, आस्तेका उनो, कानाल ओन्से, विद्यापीठाचं कानाल 44, राज्य सरकारचं हालिस्को टीव्ही असे बरेच चॅनेल हवेतून फुकट मिळतात. माझ्या मुलांचं स्पॅनिश संध्याकाळच्या बातम्या ऐकून सुधारलं. म्हणूनच लोक दोन दिवसांत कंटाळून अँटेना काढून टाकतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी. चित्र फुटलं की दुकानात धावायचं आणि बूस्टर आणायचा. सापोपान या उपनगरात एका पुणेकर सहकाऱ्यानं एकापुढे एक असे दोन बूस्टर जोडले होते. तारीख 15 सप्टेंबर. रात्री अकराला मेक्सिको सिटीतून राष्ट्राध्यक्षांचा 'ग्रितो', म्हणजे स्वातंत्र्याचा जयघोष, दाखवतात, आणि घरमालकीण सेन्योरा नातवंडांना घेऊन त्याच्याच टीव्हीपुढे बसल्या होत्या. पडद्यावर नुसते चौकोन. मी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते, पाऊसही सुरू झाला होता. गच्चीवरून पाहिलं तर सेर्रो देल क्वात्रो या टेकडीवरच्या टीव्ही प्रक्षेपणाच्या मनोऱ्यांचे लाल दिवे समोर दिसत होते. टेकडी नजरेत असताना बूस्टर लागतोच कशाला? इतक्या जोरदार सिग्नलला आणखी ताकद दिली की ट्यूनर, म्हणजे टीव्हीतला सिग्नल पकडणारा भाग, गुदमरतो. त्यात जुना बूस्टर 700 मेगाहर्ट्झवरचा मोबाइलचा सिग्नलही ओढून घेतो. टीव्हीचा यूएचएफ पट्टा आता 608 मेगाहर्ट्झलाच संपतो. दोन्ही बूस्टर काढले, केबल थेट टीव्हीला लावली, पुन्हा स्कॅन केलं. चॅनेल 2.1 आलं, 1.1 आलं, 7.1 आलं. तेव्हापासून माझा नियम: आधी साधी अँटेना आणि सरळ केबल. केबल फार लांब असेल किंवा तीन खोल्यांत वाटायची असेल, तरच बूस्टरचा विचार, आणि तोही एकच.

दुसरी चूक आपण लहानपणापासून घेऊन आलोय. एकानं गच्चीवर अँटेना फिरवायची, दुसऱ्यानं खालून ओरडायचं, मुंग्या कमी झाल्या की थांबायचं. डिजिटलमध्ये मुंग्या नसतात. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असेल तर चित्र स्वच्छ, खाली गेला तर काहीच नाही. शिवाय ट्यूनरला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही अँटेना पुढे नेलेली असते. नकाशा उघडा आणि सेर्रो देल क्वात्रो शोधा. सापोपानच्या जुन्या गावातून तो दक्षिणेला आहे, तोनालाहून पश्चिमेला, त्लाहोमुल्कोहून उत्तरेला. म्हणून शेजारच्या उपनगरातल्या मित्रानं सांगितलेली दिशा तुमच्या कामाची नाही. अँटेना त्या टेकडीकडे रोखा, टीव्हीच्या मेनूतला सिग्नलचा आकडा पाहा, बोटभर सरकवा, दहापर्यंत मोजा, परत पाहा. घाई करणाऱ्यांना हेच जमत नाही. आणि मध्ये पाण्याची टाकी येऊ देऊ नका.

भारतातला टीव्ही आणला असेल तर त्याचा ट्यूनर इथे चालणार नाही. मेक्सिकोनं 2004 मध्ये डिजिटल प्रसारणाची अमेरिकेची एटीएससी पद्धत स्वीकारली. त्यासाठी वेगळं सेट-टॉप खोकं ऑनलाइन घेताना जास्त जपा: 'टीडीटी' (हवेतून येणारा डिजिटल टीव्ही) ही अक्षरं स्पेनच्या आणि कोलंबियाच्या खोक्यांवरही असतात, पण त्या देशांची पद्धत वेगळी. खोक्यावर एटीएससी लिहिलेलं नसेल तर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

44.1 साठी 44 नंबरच्या फ्रीक्वेन्सीची अँटेना शोधू नका. 38 नंबरपासून पुढच्या फ्रीक्वेन्सी टीव्हीकडून केव्हाच काढून घेतल्या. पडद्यावरचा आकडा म्हणजे नुसती पाटी. रिमोटवर ठिपका किंवा आडवी रेघ वापरून 44.1 असंच टाइप करा. 1.2 आणि 7.2 वरही वेगळे कार्यक्रम असतात, ते अनेकांना माहीतच नसतं.

जुन्या घरातली चपटी वायर काढून टाका, आरजी-6 ही गोल केबल घाला. अँटेनाचे दांडे आडवे हवेत, उभे नाहीत. टीव्हीचं घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे दिसलं तर त्यातली 'उन्हाळी वेळ' बंद करा. हालिस्कोत ती 2022 पासून रद्द आहे.

एखादा चॅनेल अचानक गेला तर गच्चीवर चढण्याआधी पुन्हा स्कॅन करा. तरीही आला नाही तर बाहेरचा जोड उघडून बघा. जूनमध्ये पाऊस लागला की त्यात पाणी शिरतं आणि तांब्याची तार हिरवी पडते. मी दर मे महिन्यात सगळे जोड उघडतो, पुसतो, तारेचं टोक नव्यानं कापतो आणि रबरी टेप गुंडाळतो. अर्ध्या तासाचं काम आहे.