गाडी तापते आणि पांढरा धूर सोडते: हेड उतरवण्याआधी काय काय तपासावं

मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतातच. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं साधं असतं. फॅन फिरत नाही, कूलंट कमी झालंय, नाहीतर एखादा होज पाईप फाटलाय. पण तापमानाचा काटा लाल पट्टीत आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, असं दोन्ही एकदम दिसलं की मिस्त्री लांबूनच निकाल देतो, "हेड गॅस्केट उडाली." (हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे तो आणि खालचं इंजिन यांच्यामधला पातळ सील.) बऱ्याचदा त्याचं बरोबरही असतं. तरीही हेड उतरवणं म्हणजे मोठा खर्च आणि गाडी काही दिवस गॅरेजमध्ये, त्यामुळे होकार देण्याआधी पुरावा मागावा. त्यातला अर्धाअधिक पुरावा आपण स्वतः, कुठलंही यंत्र न वापरता गोळा करू शकतो.

आधी गाडी थांबवा

काटा चढू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि ब्लोअर सगळ्यात जोरात लावा. उन्हाळ्यात हे नकोसं वाटतं, पण हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची थोडी उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागा दिसताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" म्हणून तशीच रेटलेली गाडी फार महागात पडते, कारण आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि जास्त तापलं की ते वाकतं.

इथे एक फसवी गोष्ट आहे. चढलेला काटा अचानक खाली आला, तर हायसं वाटून घेऊ नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं तापमान दाखवतो. कूलंट संपून तो उघडा पडला की काटा खाली येतो आणि इंजिन मात्र भाजत राहतं. ज्या गाड्यांत काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे, तिथे लाल दिवा लागला की विचार करत बसायचं नाही.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो साधारण बारमधला दाब (बार हे दाबाचं माप). एक बार जादा दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सैल झालं की दाब जातो आणि आतलं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. निदान तासभर थांबा, रेडिएटरचा वरचा जाड होज जाड फडक्याने दाबून बघा. तो मऊ लागला तरच झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणंही टाळा, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

धूर आहे की नुसती वाफ?

पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणं, दोन थेंब गळणं, हे निरोगी गाडीचं लक्षण आहे. सीएनजीवर ही वाफ जास्तच दिसते, कारण त्या इंधनात हायड्रोजनचं प्रमाण जास्त असतं. गाडी तापली की ही वाफ नाहीशी होते.

कूलंट जळत असेल तर इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही धूर थांबत नाही. तो दाट असतो, मागे रेंगाळतो आणि त्याला गोडसर वास येतो. (मुद्दाम हुंगत बसू नका, कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं.) निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. डिझेल गाडीच्या पांढऱ्या धुराला कच्च्या डिझेलचा वास येत असेल आणि डोळे चुरचुरत असतील, तर संशय ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारा भाग) किंवा इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) यांच्यावर घ्यावा.

पाणी कुठे जातंय?

माझ्या मते सगळ्या तपासणीचा कणा हा एकच प्रश्न आहे. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी कूलंटच्या बाटलीत खुणेपर्यंत भरा आणि मार्करने रेघ मारा. थोडी चालवून पुन्हा थंड झाल्यावर बघा. पातळी खाली गेली असेल तर आधी बाहेरची गळती शोधा. होजच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, पुढच्या सीटसमोरचा ओला गालिचा. गालिचा ओला आणि चिकट असेल तर हीटरचा कोअर, म्हणजे आतला तो छोटा रेडिएटर, गळतोय. नुसतं साधं पाणी असेल तर ते एसीचं असण्याची शक्यता जास्त. सीएनजी गाडीत आणखी एक जागा हमखास राहून जाते. गॅसचा दाब कमी करणारा रेड्युसर गरम ठेवायला कूलंटचेच पाईप नेलेले असतात, त्यांचे जोड बघा.

बाहेर थेंब नाही आणि तरी पातळी उतरते, म्हणजे गाडी पाणी पितेय.

आता ऑइलची पट्टी काढा. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय, गाडी अजिबात सुरू करू नका. फक्त ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट साय दिसली आणि पट्टी स्वच्छ असेल, तर घाबरू नका. पावसाळ्यात रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत अशी साय धरते. उलट, ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट ठीक आहे असंही समजू नका. गॅस्केट पाण्याची वाट आणि सिलिंडर यांच्यामध्ये फुटली असेल, तर ऑइलला धक्काही लागत नाही. बरेच लोक इथेच चकतात.

पुढची चाचणी थंड इंजिनावरच. रेडिएटरला झाकण असेल तर ते, नाहीतर बाटलीचं झाकण काढून गाडी सुरू करा. सुरुवातीला एखाददुसरा बुडबुडा येईल, ती अडकलेली हवा. बुडबुडे थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. त्याचा आणखी एक पुरावा म्हणजे झाकण लावून थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा टणक होणं. इतक्या लवकर उष्णतेने दाब वाढू शकत नाही.

सकाळी स्टार्टर मारल्यावर इंजिन ठक करून अडकलं, तर पुन्हा मारू नका. रात्रभरात कूलंट सिलिंडरमध्ये साचलेलं असू शकतं, द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

तापण्याचं मूळ

गॅस्केट फुटल्याने गाडी तापते, तशीच तापल्यानेही गॅस्केट फुटते. म्हणून स्वस्त गोष्टी सोडू नका. एसी लावा, रेडिएटरचा फॅन फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटर. वरचा होज कढत आणि खालचा बराच वेळ थंडच असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय किंवा रेडिएटर चोक झालाय. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. तो काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाकला की उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. काही मिस्त्री तो काढूनच टाकतात. तसं करू देऊ नका, आजार झाकला जातो आणि इंजिन योग्य तापमानाला येत नाही. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या गाडीत रेडिएटर क्षाराने बुजलेला असण्याचीच शक्यता जास्त.

गॅरेजमध्ये नाव घेऊन मागायच्या चाचण्या

पहिली कंबशन लीक टेस्ट. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून वरची हवा त्यातून ओढतात. जळालेला गॅस असेल तर द्रव पेट्रोल गाडीत पिवळं होतं, डिझेलमध्ये हिरवट. दुसरी प्रेशर टेस्ट, म्हणजे हातपंपाने कूलिंग सिस्टिममध्ये झाकणाइतका दाब भरून तो टिकतो का ते बघणं. तिसरी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब भरतो ते मोजणं. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी भरला, तर मधली गॅस्केट गेली हे जवळपास नक्की. पेट्रोल गाडीत या चाचणीसाठी स्पार्क प्लग काढलेलेच असतात, तेही ओळीने मांडून बघा. पाणी पिणाऱ्या सिलिंडरचा प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.

डिझेल गाडीत हेडला हात लावण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा भाग) तपासायला सांगा. त्यात एका बाजूने धूर आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहतं. तो आतून गळला की पांढरा धूर आणि कमी होणारं कूलंट ही दोन्ही लक्षणं हुबेहूब गॅस्केटसारखीच दिसतात.

हेड उतरलंच तर

नुसती नवी गॅस्केट टाकून हेड परत बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ते वाकलंय का ते मोजून घ्या. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. तुमच्या इंजिनचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधून बघायला सांगा. त्याहून जास्त असेल तर मशीनवर फेसिंग करावं, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करावा लागतो. तड्यासाठी हेडची वेगळी प्रेशर टेस्ट करून घ्या. कंपनीने हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे म्हटलं असेल तर नवेच घ्या आणि ते टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने), मधून बाहेरच्या क्रमाने आवळले जातायत ना ते बघा.

गाडी परत मिळाली की कूलंट कुठलं आणि किती भरलं ते विचारा. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर हे बहुतेक गाड्यांना चालतं. हवा नीट काढली नसेल तर एअर लॉक राहतो, इंजिन गरम असूनही हीटर थंड हवा फेकतो. पहिले काही दिवस सकाळी, इंजिन थंड असताना, बाटलीवरच्या रेघेशी पातळी ताडून बघत जा.