विषय ठरवून अंगतपंगत: ओट्यापासून ताटापर्यंत

घरी ओट्यापाशी चाखताना झकास लागलेला पदार्थ दोन तासांनी टेबलावर बेचव होतो. दोष बहुतेकदा हाताचा नसतो, निवडीचा असतो. पाककृती मंडळाच्या अंगतपंगतीत पदार्थ चुलीवरून थेट ताटात येत नाही. तो डब्यात भरला जातो, वाटेत हिंदकळतो, निवतो, उघड्यावर थांबतो आणि मग वाढला जातो. विषय, यादी, मापं, मांडणी या सगळ्यांची आखणी या मधल्या वेळासाठी करायची असते.

विषय

‘आवडीचं काहीही’ हा विषय नव्हे. त्यातून बारा जणांचे सात गोड पदार्थ येतात. एखाद्या देशाचं नाव दिलं, तर निम्मी मंडळी न मिळणाऱ्या जिन्नसांमागे धावतात आणि उरलेली तोच एक प्रसिद्ध पदार्थ करून आणतात. विषय म्हणजे एक सोपी अट. एक जिन्नस (लिंबू, तीळ, भोपळा), एक कृती (फक्त वाफवलेलं, एकाच भांड्यात केलेलं) किंवा एक बंधन (पाचच जिन्नस, गारच खायचं) असे विषय चांगले चालतात. लिंबू घेतलं की सूप, भात, सॅलड, केक, सरबत सगळं त्यात बसतं.

विषय जाहीर करण्याआधी तीन गोष्टी पडताळा. मुख्य पदार्थ, धान्य, भाजी, गोड आणि पेय या पाचही गटांत प्रत्येकी दोन नावं पटकन सुचतात का? ओव्हन नसलेल्या घरात त्यातलं काही करता येईल का? दूध, अंडी, मांस न खाणाऱ्याला त्यात जागा आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर विषय बदला. ‘फक्त तळलेलं’ हा विषय दर वर्षी कोणीतरी सुचवतंच. ऐकायला मोहक आहे, पण बंद डब्यात तळण आपल्याच वाफेने मऊ पडतं आणि टेबलावर सगळे पदार्थ सारखेच तेलकट लागतात.

यादी आणि मापं

२४ माणसं आणि १२ पदार्थ असा हिशेब धरू. ४ मुख्य पदार्थ, २ धान्याचे, ३ भाज्या किंवा सॅलड, २ गोड, १ पेय. यादीत गटांच्या जागा आधीच आखून ठेवा आणि गट भरला की तो बंद करा. गोडाचा गट सर्वांत आधी भरतो, धान्याचा शेवटपर्यंत रिकामा राहतो, म्हणून भाताची जबाबदारी पहिल्याच दिवशी कोणाला तरी द्या. नुसता गट लिहून चालत नाही, पदार्थाचं नावही हवं, नाहीतर एकाच चवीच्या तीन वाट्या समोर येतात. यादी ५ दिवस आधी बंद करा. बर्फ, पाणी, ताटं, वाढायचे चमचे आणि कचऱ्याच्या पिशव्या यांचीही ओळ यादीत असू द्या. ज्यांना रांधायला वेळ नाही, त्यांचं काम ते.

प्रमाण ठरवताना हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येकाने २४ जणांच्या भरपेट जेवणाएवढं करणं. मग घरोघरी आठवडाभर उरलेलं खावं लागतं. पेय सोडून माणूस एकूण ५०० ते ६०० ग्रॅम खातो, असं धरा. म्हणजे माणशी प्रत्येक मुख्य पदार्थ ६० ग्रॅम, शिजलेल्या धान्याचा प्रत्येक पदार्थ ६० ग्रॅम, प्रत्येक भाजी ४० ग्रॅम, प्रत्येक गोड ४० ग्रॅम. मुख्य पदार्थ करणाऱ्याला तयार दीड किलो पुरतं, भाजीवाल्याला आणि गोडवाल्याला एकेक किलो. शिजल्यावर तांदळाचं वजन साधारण अडीच ते तीन पट होतं, तेव्हा दीड किलो भाताला ५०० ते ६०० ग्रॅम तांदूळ घ्या.

चौघांची कृती सहापट करताना सगळंच सहापट होत नाही. मीठ तयार पदार्थाच्या वजनावर ठरवा, साधारण एक टक्का. दीड किलोला १५ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे सपाट अडीच चमचे (५ मिलिलिटरचे). मिरी, लवंग, तिखट हिशेबाच्या दोन तृतीयांश घालून सुरुवात करा, शेवटी चाखून वाढवा. पाण्याच्या बाबतीत तर फसगत ठरलेलीच. वाफ पृष्ठभागावरून उडते, पदार्थ सहापट झाला तरी पातेल्याचं तोंड सहापट रुंद होत नाही. सहापट पाणी घातलेला रस्सा पातळच राहतो. सुरुवातीला हिशेबापेक्षा पाव भाग कमी घाला. कांदा एकदम सगळा टाकला तर तो परतला न जाता पाणी सोडून उकडतो. दोन-तीन घाण्यांत परता, नाहीतर रंगही येत नाही आणि गोडवाही.

केकचं गणित वेगळं. गोल साचा २० सेंटिमीटरवरून २५ सेंटिमीटरचा घेतला तर क्षेत्रफळ साधारण दीडपट होतं, दुप्पट नाही. त्यात दुप्पट मिश्रण ओतलं की कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. तिप्पट करायचा असेल तर साचे तीन घ्या.

नेताना

तपमानाचे आकडे पाठ असलेले बरे. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, गार ५ अंशांच्या खाली ठेवावा. शिजल्यावर गार करण्याचा वेळ सोडला, तर मधल्या पट्ट्यात एकूण २ तास चालतात, हवा ३२ अंशांच्या वर गेली असेल तर एकच. वाटेतला वेळ यातच मोजायचा, टेबलावर पोचल्यापासून नव्हे.

आदल्या रात्री केलेला मोठा रस्सा झाकून ओट्यावर ठेवणं सर्वांत धोक्याचं. खोल पातेल्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि उकळीतून वाचलेले बीजाणू तिथेच जागे होतात. शिजल्यावर पदार्थ ५ सेंटिमीटरपेक्षा कमी थराने पसरट भांड्यांत ओता. २ तासांत तो २१ अंशांवर आणि पुढच्या ४ तासांत ५ अंशांवर यायला हवा. भाताचं तर विशेष जपा. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष नंतर कितीही गरम केलं तरी नष्ट होत नाही, म्हणून ‘पुन्हा उकळलं की झालं’ हे भाताला लागू नाही. बाकी पदार्थ पुन्हा गरम करताना मधोमध ७४ अंश होऊ द्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर मंडळाने मिळून एक घ्यावा, तो दर महिन्याला कामी येतो.

विषय कडधान्यांचा असेल तर राजमा करणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते मंद आचेच्या विजेच्या भांड्यात पुरतं निघत नाही, उलट अर्धवट तापल्याने त्रास वाढू शकतो. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून टाका आणि नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळल्यावरच मंद आचेवर टाका.

उष्णतारोधक डब्यात पदार्थ भरण्याआधी १० मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा. गार डबा पदार्थाची पहिली उष्णता स्वतःच शोषून घेतो. डबा काठोकाठ भरा, रिकाम्या जागेत हवा गार होते. झाकणाला रबर लावा आणि जाड टॉवेलात गुंडाळून सपाट जागी ठेवा, मांडीवर नको. सॅलडचं ड्रेसिंग, वरून घालायचे भाजलेले दाणे, कोथिंबीर असं सगळं वेगळ्या डबीत न्या आणि वाढण्याच्या १० मिनिटं आधी मिसळा. मीठ लागलं की पालेभाजी पाणी सोडते. काकडीचे काप आधी मीठ लावून २० मिनिटं ठेवून पिळले तर हा प्रश्नच येत नाही.

टेबल

विजेची सोय आधी पाहून घ्या. २३० व्होल्टच्या १६ ॲम्पिअर सर्किटला सुमारे ३,६८० वॅट भार चालतो. २,००० वॅटची एक इंडक्शन शेगडी आणि १,२०० वॅटचा मायक्रोवेव्ह एवढ्यातच ते जवळजवळ भरतं. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दोन शेगड्या लावल्या तर ऐन वाढायच्या वेळी फ्यूज जातो, किंवा वायर तापते, आणि ते फ्यूज जाण्याहून वाईट.

टेबल भिंतीपासून दूर ठेवा. दोन्ही बाजूंनी रांग चालली की २४ जणांचं वाढून १० मिनिटांत होतं. ताटं सुरुवातीला, चमचे आणि रुमाल शेवटाला, नाहीतर लोक वाढून घेताना एका हातात सगळं सांभाळत बसतात. धान्य पहिलं, मग मुख्य पदार्थ, मग भाज्या. गोड वेगळ्या टेबलावर. वाढायचे चमचे पदार्थांपेक्षा तीन जास्त ठेवा, आणि मुख्य पदार्थाला ६० मिलिलिटरची छोटी पळीच द्या. मोठी पळी ठेवली की पहिले दहा जण पातेलं संपवतात.

प्रत्येक पदार्थापुढे कार्ड: नाव, सगळे जिन्नस, टेबलावर ठेवल्याची वेळ. दूध, अंडी, शेंगदाणे, बदाम-काजूंसारखा सुकामेवा, गहू, सोया, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखं कवचधारी आणि तीळ यांपैकी जे असेल त्याखाली ठळक रेघ मारा. तेल कोणतं आणि तयार मसाल्यात काय आहे, हेही लिहा, कारण विसरलं जातं ते नेमकं तेच. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी सर्वांत आधी वाढून घ्यावं, चमचे एकमेकांत फिरल्यावर कार्डाचा उपयोग उरत नाही. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकाचं नाव लिहायचं, ही बाब किरकोळ वाटते, पण निम्मी भांडणं झाकणांवरूनच होतात.

कृती लिहून घेताना

मंडळाकडे शेवटी उरते ती लिहिलेली कृती. चव ताजी असताना, दोन दिवसांच्या आत ती मागा. ‘चवीनुसार मीठ’, ‘अंदाजे पाणी’ आणि ‘शिजेपर्यंत’ या तीन शब्दांना बंदी घाला. लिहिणाऱ्याला राग येतो, येऊ द्या. जिन्नस ग्रॅममध्ये हवेत, कारण कप कुठे २४० मिलिलिटरचा असतो तर कुठे २५०चा, आणि पीठ दाबून भरलं की त्याच कपात कितीतरी जास्त बसतं. भांड्याचा व्यास, आच आणि शिजल्याची खूण लिहायची: ‘तेल कडेने सुटलं’, ‘मध्ये टोचलेली सुरी कोरडी निघाली’. शेवटी तयार पदार्थाचं वजन, आणि तो दोन तासांनी कसा लागला याची एक ओळ. ही ओळ पुढच्या वेळी यादी करणाऱ्याच्या सर्वांत उपयोगी पडते.

मग ती कृती ज्याने तो पदार्थ आधी कधी केला नाही अशा सभासदाकडे द्या. त्याने लिहिलंय तेवढंच करायचं, फोन करून विचारायचं नाही. जिथे तो अडेल तिथे कृतीत ओळ कमी आहे. ती भरली की कृती वहीत चढते.