स्लो कुकरमधील खिम्याचे गोळे आणि पास्ता: माझा अनुभव

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की गॅसपुढे उभे राहवत नाही, म्हणून मी हे जेवण स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, करते. मात्र सर्व जिन्नस एकत्र शिजवल्यास पास्त्याचा लगदा होतो. पास्ता उशिरा घातल्याने ही अडचण सुटली. अर्धा किलो मटणाच्या खिम्यात अंडे, पावाचा चुरा आणि लसूण मिसळून केलेले गोळे आधी तव्यावर चहूबाजूंनी परतावेत, कारण त्यामुळे ते रश्शात सहसा फुटत नाहीत आणि चवही खुलते. नंतर टोमॅटोच्या रश्शात, चिमूटभर सावजी मसाल्यासह (तो मला आवश्यकच वाटतो), ‘लो’वर सुमारे ६ तास ठेवावेत, गोळ्याच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस तापमान झालेच पाहिजे. कोरडा पास्ता शेवटच्या अर्ध्या तासात, ‘हाय’वर, कपभर उकळत्या पाण्यासह घालावा आणि मध्ये एकदाच हलवावा.